पान सतरावरची शिडी

विषय : पान क्रमांक सतरावरील शिडीच्या उत्तराबाबत.
संदर्भ : एका रंगाऱ्याचा फेरतपासणीचा अर्ज, आवक क्रमांक चारशे बारा.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, सदर अर्जासोबत जोडलेले सहपत्र म्हणजे मीच, आणि मीच बोलतोय. भाषा अशी का, म्हणून नाक मुरडू नका. सात आठवडे फाइलीत राहिलेल्याची भाषा फाइलीचीच होते. तुमचीही झाली असती.

मी बेचाळीस पानांचा एक संच आहे. कॉलेजात कॅल्क्युलस नावाचा विषय असतो, त्याचा. कुठली गोष्ट किती वेगाने बदलते आणि बदलता बदलता किती साचते, एवढेच तो विषय विचारतो. पण तो शिकवायची रीत अशी पडली आहे की शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून लिहायचे, मुलांनी शिक्षकाच्या पाठीकडे बघत उतरवायचे, आणि परीक्षेत ते जसेच्या तसे परत करायचे. शेजारणीकडून आणलेले पातेले घासूनपुसून परत करावे, तसे. आत काय शिजवले होते, हे कुणी विचारत नाही.

या रीतीला विटलेल्या चार मास्तरांनी मला लिहिले. ते दूर कुठेतरी राहतात, मी त्यांना पाहिलेले नाही. दोन सुट्ट्या त्यांनी माझ्यावर घातल्या. माझ्या प्रत्येक पानावर वर एक प्रश्न, आणि खाली भरपूर कोरी जागा. प्रश्नही असा की एकट्याने सुटू नये. आधी अंदाज बांधा, मग मोजा, मग शेजाऱ्याशी भांडा, पटले तर लिहा. उत्तर कुठेही छापलेले नाही. तुम्ही वाचणारे लोक, एव्हाना शेवटचे पान उलटून बघावे असे तुमच्या मनात आलेच असेल. खुशाल बघा. तिथेही कोरी जागाच होती.

पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले आहे : 'हा संच विनामूल्य आहे. छापा, वाटा, गरजेप्रमाणे बदला. फक्त आमची नावे पुसू नका.' या ओळीने माझा घात केला. माणसाला फुकट काही दिले की तो आधी त्यात खोट शोधतो. खोट सापडली नाही तर देणाऱ्याचा डाव शोधतो. डावही सापडला नाही की देणाऱ्याला वेड्यात काढतो आणि वस्तू माळ्यावर टाकतो.

मला छापून घेतले बाईंनी. बाई म्हणजे इथल्या गणिताच्या तात्पुरत्या शिक्षिका. तात्पुरत्या हे विशेषण त्यांच्यामागे सहा वर्षे कायम होते. कायम असलेल्यांना नको तो वर्ग त्यांच्या वाट्याला यायचा, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये गटांगळ्या खाऊन परत आलेल्यांचा. कागदोपत्री त्याला पुनर्परीक्षार्थींचा वर्ग म्हणत. शिपाई त्याला गोदाम म्हणायचा. गोदामात एकूण एकोणचाळीस नग होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी बाके फिरवायला लावली. चार चार जण समोरासमोर. मग माझ्या पानांच्या प्रती वाटल्या.

"मॅडम, यात उत्तरं कुठायत?"

"तुमच्याकडे."

"आमच्याकडे असती तर आम्ही इथे कशाला आलो असतो?"

हे म्हणणारी मुलगी वर्गात वकीलबाई म्हणून ओळखली जाई. तिला हरकत घेतल्याशिवाय पाणी गोड लागत नसे. तिच्या या वाक्यावर सगळा वर्ग हसला, आणि पुढचे तीन आठवडे मी त्या एकोणचाळीस जणांच्या द्वेषाचा धनी झालो. माझ्या कोऱ्या जागेत त्यांनी मिशा काढल्या, फुल्या-गोळे खेळले, एकाने बाईंचे चित्र काढले आणि ते बरे जमले होते. गणित तेवढे कुणी केले नाही. विचार करायला सांगितले की माणूस आधी चिडतो, मग तहान लागली म्हणतो, मग बाहेर जाऊन येतो.

वर्गात एक रंगारी होता. घरांना रंग देणारा. वय चाळिशीला टेकलेले, नखांत कायमचा पांढरा रंग. सगळे त्याला काका म्हणत. सोळा वर्षांपूर्वी कॉलेज सुटले तेव्हा त्याचे सगळे विषय निघाले होते, हा एवढा राहिला होता. आता, एकच विषय राहिलेल्यांना शेवटची एक संधी, असा नियम निघाला म्हणून तो परत आला. संधी एकच. यंदा नापास झाला तर नाव कायमचे खोडणार. मुलीच्या शाळेचा अर्ज भरताना 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात तो दरवर्षी 'अपूर्ण' लिहितो, आणि मुलगी दरवर्षी विचारते, "बाबा, अजून?" हे त्याने बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. रंग लावण्याआधी भिंतीतली ओल दाखवून द्यावी, तसे.

चौथ्या आठवड्यात पान सतरा आले. प्रश्न असा : 'दहा फूट लांब शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचा पाय भिंतीपासून दूर सरकतो आहे, एकसारखा, सेकंदाला एक इंच. वरचे टोक कोणत्या वेगाने खाली येईल? तितक्याच, कमी की जास्त?'

"तितक्याच," वकीलबाई म्हणाली. "शिडी काय रबराची आहे? खाली इंच सरकली की वर इंच आली."

रंगारी हसला.

"काय झालं काका?"

"काही नाही. तू शिडीवर चढलीयेस कधी?"

"मी कशाला चढू?"

"मी पडलोय. दोनदा. आधी पाय सरकतो ना, तेव्हा वर पत्ताच लागत नाही. माणूस निवांत ब्रश मारत असतो. पुढे पाय तेवढाच सरकतो गं, पण वरचा दगडासारखा खाली येतो."

"म्हणजे कमी की जास्त? एक काहीतरी सांगा."

"आधी कमी, मग जास्त. शेवटी तर विचारूच नकोस."

"असं कसं? दोन-दोन उत्तरं नाही चालणार."

"शिडीला सांग."

बाई मागे उभ्या होत्या. "पडलात म्हणून मी मानणार नाही," त्या म्हणाल्या. "कागदावर पाडून दाखवा."

मग चाळीस मिनिटे त्या गटात जे चालले त्याला भांडण म्हणा, गणित म्हणा. पाय सहा फुटांवर असेल तेव्हा टोक आठ फुटांवर. तिथे टोकाचा वेग निघाला सेकंदाला पाऊण इंच. पाय आठ फुटांवर, टोक सहावर, तेव्हा एक इंच आणि वर एक तृतीयांश. वकीलबाईने प्रत्येक ओळीला हरकत घेतली, आणि हरकत घेण्यासाठी प्रत्येक ओळ तिला समजून घ्यावी लागली. शेवटी पेन्सिल आपटून म्हणाली, "काका, तुम्ही नापास झालातच कसे?"

"तेव्हा शिडीवर चढलो नव्हतो."

सांगायला लाज वाटते, पण त्या चाळीस मिनिटांत मला माणसांविषयी बरे वाटले. माझ्या आयुष्यातली ती पहिली चूक.

दारात विभागप्रमुख उभे होते. आवाज ऐकून आले होते. वर्गातून आवाज आला की शिकवणे थांबले, अशी त्यांची तीस वर्षांची समजूत.

"हा काय बाजार मांडलाय, बाई?"

"गटात काम चाललंय, सर."

"बाकांची तोंडं कुणी फिरवली? फळा तिकडे आहे."

"आज फळ्याची गरज पडली नाही, सर."

विभागप्रमुखांपुढे हे वाक्य म्हणजे आचाऱ्यापुढे भूक नाही म्हणण्यासारखे. त्यांनी टेबलावरून मला उचलले, अंगठा ओला करून पाने उलटली, आणि त्यांचा चेहरा खुलत गेला.

"यात उत्तरंच नाहीत."

"नाहीत सर. मुद्दामच."

"फुकट मिळालंय ना? मग बरोबर. अर्धवट छापलेला माल फुकटच वाटतात."

त्यांनी मला बगलेत मारले आणि कचेरीत नेऊन माझ्या पहिल्या पानावर शिक्का मारला : 'अपूर्ण'. मला एकदम रंगाऱ्याचा रकाना आठवला. शिक्के मारणाऱ्यांकडे मुळात शब्दच कमी असतात.

तिथेच थांबले असते तर मी माळ्यावर पडून सुखाने जगलो असतो. पण विभागप्रमुख कर्तव्यदक्ष. अपूर्ण गोष्ट पूर्ण करायची, म्हणून त्यांनी समिती नेमली. तिचे नाव कोऱ्या जागा पूर्ती समिती. तीन सभासद. त्यातले गणिताचे दुसरे शिक्षक त्या दिवशी रजेवर होते. उरले अध्यक्ष, म्हणजे विभागप्रमुख स्वतः, आणि क्रीडाशिक्षक. क्रीडाशिक्षकांना घेतले ते अक्षरासाठी. कॉलेजातले सगळे विजयफलक त्यांच्याच हातचे.

एका दुपारी तीन ते पाच या वेळात दोघांनी माझी बेचाळीस पाने भरली. विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलून सांगत होते, क्रीडाशिक्षक निळ्या शाईत लिहीत होते. ज्या जागेत चार मास्तरांनी माणसाच्या चुकीसाठी ऐसपैस मोकळे अंगण ठेवले होते, तिथे एकेक सुबक ओळ येऊन बसली. मला वेदना होत नाहीत, मी कागद आहे. पण भरल्या पोटी कुणी तोंडात घास कोंबत राहिला तर कसे वाटेल, ते मनात आणून बघा.

पान सतरा आले तेव्हा चहाही आला.

"शिडीची लांबी बदलते का?" विभागप्रमुखांनी विचारले.

"नाही सर," क्रीडाशिक्षक म्हणाले.

"मग लिहा. लांबी कायम असल्याने वरचे टोकही तितक्याच वेगाने खाली येते. सेकंदाला एक इंच. पुढचं."

क्रीडाशिक्षकांनी क्षणभर पेन थांबवले. ते बिचारे व्यायामशाळेत दोराच्या शिडीवर मुलांना चढवणारे, त्यांच्या मनात काहीतरी आले असावे. पण चहा निवत होता. त्यांनी लिहिले. खाली विभागप्रमुखांची सही झाली आणि 'अपूर्ण'शेजारी दुसरा शिक्का बसला : 'पूर्ण'.

दुसऱ्या दिवशी माझ्या भरलेल्या पानांच्या प्रती वर्गात वाटल्या गेल्या. बाके सरळ झाली. मुले खूश. मिशा काढायला जागा उरली नव्हती, पण डोकेही चालवायचे नव्हते, तेव्हा सौदा त्यांना परवडला. एकट्या रंगाऱ्याने हात वर केला.

"मॅडम, सतरावर चुकलंय."

बाई तास संपताच कचेरीत गेल्या.

"सर, पान सतरावर जरा..."

"सही कुणाची आहे त्यावर?"

"तुमची."

"मग?"

एवढेच संभाषण झाले.

परीक्षेला नेमकी शिडीच आली. पाय भिंतीपासून आठ फुटांवर असताना टोकाचा वेग काय? गुण पाच. अडतीस जणांनी लिहिले, सेकंदाला एक इंच. वकीलबाईनेही लिहिले. तिने स्वतःच्या पेन्सिलीने खरे उत्तर काढले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. रंगाऱ्याने लिहिले, एक इंच आणि एक तृतीयांश, आणि खाली दीड पान आकडेमोड. परीक्षकापुढे आदर्श उत्तर म्हणून माझेच पान सतरा होते. शून्य. उत्तीर्ण व्हायला चाळीस हवेत, रंगाऱ्याला पडले छत्तीस.

अडतीस जण पास झाले. गोदाम पहिल्यांदाच रिकामे झाले. सूचनाफलकावर क्रीडाशिक्षकांच्या अक्षरात मजकूर लागला : 'आधुनिक अध्यापन साहित्याचे घवघवीत यश.' ते साहित्य म्हणजे मी. असा सत्कार वैऱ्याचाही होऊ नये.

फेरतपासणीचा अर्ज करा, असे बाईंनी रंगाऱ्याला सांगितले. ही बातमी वर्गात पोचायला तास लागला नाही. सगळे त्याच्याभोवती जमले. अर्जाला जोडण्यासाठी कचेरीतून मागून आणलेला मी बाईंच्या हातात होतो, सगळे ऐकले.

"काका, चूक निघाली तर सगळ्यांचेच पेपर बदलतील," एक जण म्हणाला. "माझे बरोब्बर एक्केचाळीस आहेत."

"माझे चाळीस!"

वकीलबाई पुढे आली. "तुमच्या एका शिडीसाठी आम्ही अडतीस जणांनी पडायचं का?"

"मी कुणाला पाडत नाहीये, पोरी."

"मग काय करताय?"

"जे तू आणि मी मिळून काढलं होतं, तेवढंच लिहिलंय."

दुसराच कुणीतरी बोलला, "काका, खाली आम्ही अडतीस जण उभे आहोत, एवढं ध्यानात ठेवा."

त्याच दिवशी विभागप्रमुखांनी बाईंना चहाला बोलावले. चहा फक्त स्वतःसाठी मागवला. "बाई, तुमची मुदत पुढच्या महिन्यात संपते ना? सहज विचारलं."

संध्याकाळी रंगारी बाईंना म्हणाला, "राहू द्या मॅडम. सोळा वर्षं अपूर्ण राहिलो, आणखी राहीन. तुमचं कशाला खराब करू?"

"माझं मी बघेन. तुम्हाला अर्ज करायचा नसेल तर करू नका," बाई म्हणाल्या. "पण मग आत्ता एका कागदावर लिहून द्या, की शिडीचा पाय जितका सरकतो तितकंच टोक खाली येतं. आणि उद्यापासून तुमच्या हाताखालच्या रंगाऱ्यांना तसंच शिकवा. वर उभं राहून निवांत ब्रश मारा म्हणावं, काही होत नाही."

रंगारी थोडा वेळ नखातला रंग खरवडत बसला. मग म्हणाला, "पेन द्या."

अर्ज आवक-जावकच्या ताईंकडे गेला. या ताई कॉलेजात येणारा प्रत्येक कागद वहीत नोंदवतात, आणि त्यांच्या टेबलामागच्या खिडकीतून सगळी ओसरी दिसते. त्यांनी मला अर्जाला जोडले. दोरा ओवायला भोक पाडले ते नेमके पान सतरावरच्या चित्रातल्या भिंतीत.

तेव्हापासून माझा प्रवास सुरू झाला. तीन टेबले, चार शेरे. पहिला शेरा : 'सहपत्रावर "अपूर्ण" व "पूर्ण" असे परस्परविरोधी दोन शिक्के असल्याने नेमका अर्थबोध होत नाही.' दुसरा : 'मूळ कर्त्यांचे अधिकृत उत्तर सादर करावे.' बाईंनी त्या चार मास्तरांना लिहिले. त्यांचे उत्तर लगेच आले, मोठे आनंदाचे : 'आम्ही उत्तर दिलेलेच नाही. तुमचा विद्यार्थी काय म्हणतो? त्याने केलेली आकडेमोड आम्हाला जरूर पाठवा, फार उत्सुकता आहे.' त्यावर तिसरा शेरा पडला : 'मूळ कर्त्यांकडेही उत्तर उपलब्ध नसल्याचे दिसून येते. सबब विभागाकडील उत्तर हेच एकमेव उपलब्ध उत्तर होय.' चौथा : 'अभिप्रायार्थ समितीकडे.' समिती म्हणजे अध्यक्ष आणि अक्षर.

माझ्या जन्मदात्यांचाही त्या दिवशी मला राग आला. जगाला एवढे मोकळे सोडू नये. एक ओळ, नुसती एक ओळ, लिहून ठेवली असती तर काय बिघडले असते? पण तशी लिहिली असती तर मी मी नसतो, क्रीडाशिक्षकांच्या अक्षरातला मी आधीच झालो असतो. हेही मला कळते. कळून राग कमी होतो असे नाही.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी रंगारी आपली दहा फुटी शिडी खांद्यावर घेऊन ओसरीत आला. भिंत महिन्यापूर्वीच पांढरी केलेली. त्याने फरशीवर भिंतीपासून एकेका फुटावर खडूने रेघा मारल्या, शिडी उभी केली आणि विभागप्रमुखांच्या दारात जाऊन म्हणाला, "सर, पाच मिनिटं."

"हे काय?"

"पान सतरा."

"गणितात प्रात्यक्षिक नसतं. ते भौतिकशास्त्रात. तिकडे जा."

"तिकडे जाऊन आलो, सर. ते म्हणाले, शिडी असेल तर बांधकामाकडे."

ओसरीत गर्दी जमली होती. अडतीसांतले बरेच जण होते, निकालाचे कागद न्यायला आलेले. ताईंनी फाईल खिडकीत ठेवली होती, मी उघडाच होतो.

शिपायाने शिडीचा पाय धरला. रंगाऱ्याने टोकापाशी भिंतीवर खडूची खूण केली. पाय दोनच्या रेघेवरून तीनवर आला. टोक उतरले तीन इंच.

"बघा," विभागप्रमुख म्हणाले, "काहीच होत नाही."

सहावरून सातवर. टोक दहा इंच खाली. सातवरून आठवर, फुटाहून जास्त. आता खुणांमधले अंतर लांबूनही दिसत होते. आठवरून नऊवर आला तेव्हा टोक दीड फुटाहून अधिक घसरले आणि कुणीतरी "आई गं" म्हणाले.

"तू झटका देतोयस," विभागप्रमुख शिपायाला म्हणाले. "सगळी मिलीभगत आहे. हो बाजूला."

ते स्वतः वाकले. पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि अगदी सावकाश, बाळाच्या अंगावरची चादर ओढावी तसा, नऊकडून दहाकडे ओढू लागले. चार इंच नीट गेले. पाच गेले. मग सगळी शिडी धाडकन् खाली आली. भिंतीवर चार फुटांचा ओरखडा उमटला आणि वरचे टोक फरशीवर आपटले.

कुणी हसले नाही. शिपाई तेवढा म्हणाला, "सर, तुम्ही तर हळूच ओढलीत."

विभागप्रमुखांनी रुमालाने हात पुसले, ओरखड्याकडे बघितले, आणि आत जाऊन त्यांनी पत्र लिहायला घेतले. ते पत्र ओरखड्याबाबत होते. शासकीय भिंतीस इजा. त्याची चौकशी चार दिवसांत पूर्ण झाली, दोन साक्षी झाल्या, निर्णय लागला, भिंत पूर्ववत करून देण्याचा आदेश रंगाऱ्याच्या हातात पडला. काम भराभर होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

रंगारी रविवारी येऊन रंग देऊन गेला. आदेशात फक्त रंग म्हटले होते. खाच भरा असे कुठे लिहिले नव्हते, म्हणून त्याने ती भरली नाही. सकाळी भिंत पांढरीशुभ्र दिसते. उन्हे तिरपी झाली की ओरखडा वरपासून खालपर्यंत उठून येतो, आणि विभागप्रमुख घरी जाताना त्या बाजूला बघत नाहीत.

शिडी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलबाई ताईंच्या खिडकीशी आली. हातात एक कागद होता.

"काय आहे?" ताईंनी विचारले.

"अर्ज."

ताईंनी वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. "'माझे शिडीचे उत्तर चूक आहे. त्याबद्दल मला दिलेले पाच गुण परत घ्यावेत.' अगं, शुद्धीवर आहेस का?"

"हो."

"तुझे किती आहेत?"

"त्रेचाळीस."

"म्हणजे अडतीस राहतील."

"गणित येतं मला."

"तसं नाही गं. गुण वाढवून मागायचा नमुना आहे आमच्याकडे. गुण परत करायचा नमुनाच नाही. कुठल्या सदरात नोंदवू?"

"काकांच्या फाइलीत लावा."

ताईंनी इकडेतिकडे बघितले. मग आवक क्रमांक टाकला आणि तो कागद माझ्या मागे, शेवटच्या पानाला लावला. या मुलीने माझ्या कोऱ्या जागेत मिशा काढल्या होत्या. मी काही म्हणणार नाही. मला कौतुक करायची सवय नाही, आणि आता लावून घ्यायची इच्छा नाही.

बाईंची मुदत गेल्या शुक्रवारी संपली. निरोप समारंभ तात्पुरत्यांचा नसतो. जाताना त्या फाइलीपाशी थांबल्या, मला उघडले, निळी शाई वाचली आणि बंद केले. सोबत नेता आले नाही, मी पुरावा आहे. त्या आता कुठे शिकवतात, ठाऊक नाही. पण जिथे असतील तिथे त्या मला पुन्हा छापू शकतात, कुणालाही न विचारता, कोराच्या कोरा. तळाशी तसे लिहिलेच आहे. तुम्हीही छापू शकता. छापाल असे मला वाटत नाही. छापलेच तर एक करा, जवळ पेन असेल तर ते विभागप्रमुखांच्या हाती देऊ नका.

माझी सद्यःस्थिती अशी. कपाळावर दोन शिक्के, पोटात बेचाळीस उत्तरे, त्यातली किती बरोबर हे कुणी तपासलेले नाही. सतराव्या पानाला भोक. रंगारी दर सोमवारी कामावर जाता जाता खिडकीशी येतो, "काही?" असे विचारतो. ताई मान हलवतात. अंतिम यादी महिनाअखेरीस लागते, त्यानंतर त्याचे नाव खोडले जाईल. आज तारीख एकोणीस.

आवक क्रमांक चारशे बारा, अर्जदार रंगारी. आवक क्रमांक चारशे सत्त्याऐंशी, अर्जदार विद्यार्थिनी. समितीची बैठक तिसऱ्या सभासदाच्या रजेमुळे झालेली नाही. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.